ध्वनिशुद्धी आणि साक्ष

हातून सुटलेला बाण आणि तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत सुविचार म्हणून गिरविले होते. बोलण्यापूर्वी विचार करावा, हा त्यातला उपदेश. पण त्या उपदेशाच्या मुळाशी एक वस्तुस्थिती गृहीत धरलेली होती. ती अशी की, लिहिलेले खोडता येते, बोललेले खोडता येत नाही. कागदावर खाडाखोड केली तर ती निदान दिसते. हवेत विरून गेलेल्या शब्दावर खाडाखोड करावयास जागाच कोठे आहे? बाणाच्या बाबतीत ही गोष्ट आजही खरी आहे. शब्दाच्या बाबतीत ती खरी राहिलेली नाही. मुद्रित केलेला शब्द हवा तेव्हा परत येतो. त्याचे शेवटचे अक्षर छाटता येते, तो मध्येच चिरता येतो, आणि दोन तुकडे असे सांधता येतात की, सांधा कोठे आहे हे महिन्याभराने खुद्द सांधणाऱ्यासही सापडू नये. ही विद्या पूर्वी मोठ्या स्टुडिओतील थोड्या लोकांच्या हाती होती. आता ती महाविद्यालयात जाणाऱ्या कोणत्याही मुलाच्या संगणकावर असते. त्यामुळे आवाज किती आणि कसा शुद्ध करावा, हा प्रश्न गवयांचा व नभोवाणीवाल्यांचा न राहता तुमच्याआमच्या घरात येऊन बसला आहे. आमच्या घरात तो कसा आला हे आधी सांगतो. कारण त्यावाचून पुढील चर्चा कोरडी होईल.

सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या पुढे माळीनगर आणि माळीनगरच्या पुढे श्रीपूर लागते. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, आणि तिच्या साखर कारखान्याभोवती हे गाव नावारूपास आले. आषाढी वारीत तुकोबांची पालखी अकलूजहून निघून माळीनगर, श्रीपूर असा रस्ता धरीत बोरगावच्या मुक्कामास जाते, तेवढा एक दिवस टाळमृदंगाचा. बाकीचे वर्ष भोंग्याचे. आमची थोरली आत्या ह्या गावी नांदली. यजमान कारखान्यात नोकरीस होते. सुखदुःखाचे जे काही वाट्यास आले ते तिने तेथेच काढले आणि माहेरी सांगितले त्यातले फारच थोडे.

२०१७ सालच्या जानेवारीत आमचा पुतण्या, जो तेव्हा ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेत होता, तिच्याकडे चार दिवस जाऊन राहिला. आजीच्या ओव्या मुद्रित करून घ्याव्या, हा त्याचा हेतू. तिने एक अट घातली: जात्यावर बसल्याशिवाय ओवी आठवायची नाही. जाते तर कित्येक वर्षे परसात उपडे पडलेले, कारण दळण गिरणीवर जात होते. ते उचलून आणले, धुतले, खुंटा ठोकून बसविला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शाळूची टोपली शेजारी घेऊन ती दळावयास बसली. पुतण्याने आपले हातात मावणारे यंत्र घोंगडीच्या घडीवर ठेवले, जेणेकरून जात्याचा हादरा जमिनीतून त्यात उतरू नये. सुमारे दीड तास ती गात होती. गळिताचा हंगाम ऐन भरात असल्यामुळे उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज, पारव्यांचे घुमणे, मध्येच कारखान्याचा भोंगा, तिचा खोकला, आणि ह्या सर्वांच्या खाली अखंड घरघर, असे ते मुद्रण आहे.

आत्या २०२३ साली गेली. वर्षश्राद्धास सर्व माणसे जमतील तेव्हा ह्या ओव्या ऐकवाव्या असे ठरले, आणि “जरा स्वच्छ करून आण” असे पुतण्यास आम्हीच सांगितले. ह्या दोनतीन शब्दांत काय काय सामावते ह्याची त्या वेळी आम्हांस कल्पना नव्हती.

त्याने ते काम आमच्या शेजारी बसून केले, म्हणून त्याची रीत आम्हांस पाहावयास मिळाली. संगणकाच्या पडद्यावर आवाज दिसतो तो एका नागमोडी रेघेच्या रूपाने. मधोमध आडवी रेघ म्हणजे शून्य, अर्थात् हवा निश्चल. आवाजाची लहर तिच्या वर चढते, खाली उतरते, पुन्हा वर चढते. ही रेघ वस्तुतः अखंड नसून बिंदूंची बनलेली असते. ध्वनिचकतीवर, ज्याला आपण सीडी म्हणतो तिच्यावर, एका सेकंदास असे ४४,१०० बिंदू असतात. आता आत्याच्या खोकल्याची जागा निवडून सरळ कात्री चालविली तर काय होते? खोकला जातो, पण त्या ठिकाणी ‘टक’ असा आवाज उमटतो. त्याचे कारण असे की, कापाच्या अलीकडे लहर वर असते, पलीकडे ती खाली असते, आणि ह्या दोन टोकांमधील उडी ध्वनिवर्धकाच्या पडद्यास एका क्षणात घ्यावी लागते. तीच आपणांस ऐकू येते. म्हणून जाणता कारागीर लहर जेथे शून्याच्या रेघेला छेदून जाते तेथेच कापतो, आणि अलीकडची लहर चढती असेल तर पलीकडचीही चढतीच निवडतो. एवढ्यानेही भागले नाही तर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या अवधीत पहिला तुकडा विरत नेतो आणि त्याच अवधीत दुसरा उगवत आणतो. शिंप्याने कापडाच्या दोन कडा एकमेकींवर चढवून शिवण घालावी, तशातला हा प्रकार आहे.

ह्याहून नवलाची गोष्ट शांततेची. खोकल्याच्या जागी नुसते शून्य भरले तर कान दचकतो. कारण कोणतीही खोली, कोणतेही परस कधी शून्य नसते. तेथे वारा असतो, दूरची गाडी असते, भिंतींची म्हणून एक हवा असते. म्हणून कारागीर त्याच मुद्रणातील एखादी न बोललेली जागा शोधतो आणि त्या शांततेचे ठिगळ येथे लावतो. पुण्याच्या शांततेचे ठिगळ श्रीपूरच्या आवाजाला चालत नाही, हे ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मराठी बोलणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शब्द कापावयाचा तर प, त, क अशा अक्षरांच्या आधी कापणे सोयीचे पडते, कारण ती उच्चारताना ओठ किंवा जीभ क्षणभर वाट बंद करते आणि तेवढी नैसर्गिक शांतता तयारच असते. य, र, न, म ह्यांच्या ओघात असा थांबा मिळत नाही. हे ऐकताना आमच्या मनात आले ते आपल्या नकाराविषयी. इंग्रजीत नकार बहुधा वाक्याच्या मध्यावर असतो. तो काढावयाचा तर दोन्हीकडे शिवण घालावी लागते. आपला नकार वाक्याच्या अखेरीस येतो. ‘मी सही करणार नाही’ ह्यातील शेवटचा शब्द छाटला की उरते ते ‘मी सही करणार’, आणि तेही निर्दोष, व्याकरणशुद्ध वाक्य असते! अर्धा सेकंद गेला आणि माणूस उलट बोलला. सुदैवाने ‘करणार’ मधला र आणि ‘नाही’ मधला न एकमेकांत मिसळलेले असतात, आणि नकार पुढे यावयाचा असल्यामुळे ‘करणार’ वर स्वर पुरता उतरलेला नसतो. म्हणून कान किंचित् अडखळतो. पण किंचित् अडखळणाऱ्या कानावर सत्याची मदार ठेवावी लागावी, ही स्थिती काही फारशी समाधानाची नव्हे.

ध्वनिमुद्रण नवे होते तेव्हा ही अडचण नव्हती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले, तेव्हा गाणे सुमारे तीन मिनिटांत बसवावयाचे आणि चुकले तर तबकडी टाकून पुन्हा गावयाचे, एवढाच मार्ग होता. मेणात सुईने कोरलेल्या रेघेवर शिवणकाम करता येत नव्हते. गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, आणि तेथील कामगारांस गाणाऱ्याची ओळख पटावी हा त्यातला व्यवहार. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो. ‘हे मीच गाइले’ अशी ग्वाहीच जणू त्या बाई गाण्यावर ठेवून गेल्या आहेत.

पुढे चुंबकीय फीत आली आणि तिच्याबरोबर दाढी करण्याचे पाते. फीत तिरपी कापावी, दुसरा तुकडा तसाच तिरपा कापून जोडावा, पाठीमागून चिकटपट्टी लावावी. १९५२ साली फुर्टवेंगलर यांच्या नेतृत्वाखाली वाग्नरचे ‘ट्रिस्टान’ लंडनमध्ये मुद्रित झाले, तेव्हा नायिकेचे काम करणाऱ्या कर्स्टन फ्लागस्टाट ह्या गायिकेसाठी अत्यंत उंच असे काही स्वर एलिझाबेथ श्वार्त्सकोफ हिने लावून दिले. पुढे ही गोष्ट बाहेर फुटली आणि रसिकांत खळबळ उडाली. उलट कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड ह्याने १९६४ नंतर मैफली करणेच सोडले, आणि सांधलेले मुद्रण हीच खरी कलाकृती होय, असा पक्ष उघडपणे मांडला. ह्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते की, लोकांचा राग सांध्यावर नव्हता, लपविण्यावर होता. गूल्डने सांधे लपविले असतील, पण सांधतो हे लपविले नाही. फ्लागस्टाटच्या बाबतीत श्रोत्यास एका गळ्याचे म्हणून जे दिले ते दोन गळ्यांचे होते. असो.

आमच्या घरातील प्रकरण कलेचे नव्हते, आठवणीचे होते; म्हणून गूल्डचा पक्ष आमच्या उपयोगी पडला नाही. कलावंत आपल्याच कृतीत फेरफार करतो. येथे फेरफार करणारे आम्ही आणि आवाज गेलेल्या बाईचा. गेलेल्या माणसाचे शब्द म्हणजे साक्ष होय, आणि साक्षीदार उलटतपासणीस येऊ शकत नाही.

पुतण्याने पहिल्या बैठकीत यंत्राचे दोष काढले: वाऱ्याचा फडफडाट, हात लागून झालेली खरखर. ह्याला कोणाची हरकत असणार? ते आत्याचे नव्हतेच. चष्म्याची काच पुसण्यासारखे ते काम. दुसऱ्या बैठकीत तो जात्याकडे वळला. घरघर कमी करण्याची युक्ती अशी आहे की, आवाज न करता केवळ गोंगाट चालू असेल असा एखादा तुकडा यंत्रास नमुन्यादाखल दाखवावयाचा. यंत्र त्याची ओळख धरते आणि संपूर्ण मुद्रणातून तसला आवाज वजा करीत जाते. जे न बदलता एकसारखे चालू राहते ते निरुपयोगी आणि जे बदलते तेच कामाचे, ही यंत्राची व्याख्या. ह्या व्याख्येने जाते हा गोंगाट ठरला. भल्या पहाटे उठून दळणे, हे बाईचे कामही एकसारखे, न बदलणारे. घरातील पुरुषांच्या कानांनी तेही पिढ्यान्‌पिढ्या असेच वजा केले होते, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

वजाबाकी झाली. आत्याचा आवाज मोकळा झाला. मात्र त्यास पाण्याखालून यावा तशी एक चमत्कारिक झळाळी आली. तेही एक वेळ चालले असते. परंतु ओवीच बिघडली. जाते ऐकू येत असताना तिसऱ्या चरणानंतर ती का थांबते हे कळत होते: ती डाव्या हाताने वैरण घालीत होती. चरणाचा शेवट ती का लांबविते हेही कळत होते: खुंटा तिच्याकडे ओढून येईपर्यंत श्वास धरावा लागत होता. जाते काढून टाकताच ही सर्व कारणे गेली आणि उरली एक म्हातारी बाई, जी उगाच थांबते आणि उगाच ओढते. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या थोर संग्रहास नावच जात्यावरच्या ओव्यांचे आहे. ओवी ही जात्याची आहे, बाईने तिला तोंड दिले, असे म्हटले तर चूक होणार नाही. आम्ही पुतण्यास म्हटले, “जाते परत आण.” त्याने ते दोन कळा दाबून परत आणले. नव्या पद्धतीत मूळ मुद्रणास हात लागत नाही, कापाकापीची केवळ टिपणे ठेवली जातात, म्हणून हे शक्य झाले. फितीच्या काळी जमिनीवर पडलेला तुकडा केराबरोबर गेला असता.

येथपर्यंत प्रश्न रुचीचा होता. खरी अडचण पुढेच आहे.

सुमारे एक तास झाल्यावर आत्या एक ओवी गाते. तिचा आशय एवढाच: पंचमीचा सण आला, आळीतल्या सगळ्या सुनांचे भाऊ त्यांना न्यावयास आले, माझा आला नाही, मी दिवस मावळेपर्यंत वाटेकडे पाहत बसले. ओवी संपते. जाते थांबते. थोडा वेळ काही नाही; पारवा तेवढा घुमतो. मग ती पुतण्यास म्हणते, “ही नको रे ठेवू. पुसून टाक ती. भाऊ आहे माझा.” पुन्हा वैरण पडते, जाते फिरू लागते, आणि पुढची ओवी येते ती भावाला औक्ष मागणारी.

आत्याला भाऊ एकच होता. ते आमचे वडील.

आम्ही काय म्हणालो ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आम्ही म्हणालो, “तिनेच सांगितले आहे, काढून टाक.” आज्ञा मृत माणसाची, सोय आमची, अशा वेळी आज्ञापालन फार सोपे जाते. पुतण्याने काप घेतला. आधीच्या ओवीनंतर जात्याची लहर शून्यावर येते ती जागा पकडली, औक्षाच्या ओवीआधी जाते फिरत आहे तेथील जुळती जागा पकडली, दोन्ही एकमेकांत विरघळविल्या. जाते एका फेऱ्यानेही अडखळले नाही. ह्या कामास त्याला चार मिनिटेही लागली नसतील. आम्ही तीन वेळा ऐकले. सांधा कोठे आहे हे ठाऊक असूनही सापडला नाही. पुतण्याच्या हातास आम्ही शाबासकी दिली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही असे लिहिणे नाटकी होईल, झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कापलेल्या मुद्रणात आत्या सहजच भावाला औक्ष मागते, जशी कोणतीही बहीण मागते. मूळ मुद्रणात ती आधी भावाला दोष देते, मग थांबते, तो दोष पुसावयास सांगते, आणि नंतर औक्ष मागते. औक्षाच्या ओवीतील एक अक्षरही आम्ही बदललेले नव्हते. तरी ती ओवी आता ती राहिली नव्हती. तिच्यातील क्षमा निघून गेली होती, कारण क्षमा कशाची हेच आम्ही काढून टाकले होते. शब्द सगळे तिचेच, त्यांचा क्रमही तिचाच. परंतु एकीच्या मागून दुसरी जी यावयाची ती मधल्या थांब्यामुळे आली होती, आणि तो थांबा आता आमच्या संगणकातील टिपणांत पडला होता. खोटे बोलण्यासाठी खोटा शब्द लागतो अशी आमची समजूत होती. नुसता चांगला सांधाही पुरतो.

ह्यावर आमच्या भगिनीचा आक्षेप आला, आणि तो हलका नव्हे. तिचे म्हणणे असे: आत्याने स्पष्ट शब्दांत पुसावयास सांगितले. तिच्या आवाजावर तिचा हक्क, तुमच्या सत्यशोधनाचा नव्हे. शिवाय पंचमीला भाऊ न आल्याची ओवी ही हजारो बायका गातात; ज्यांचे भाऊ दरवर्षी आले त्याही गातात. ती आपल्या वडिलांविषयीच होती हे कशावरून? हा दुसरा मुद्दा खरा आहे. ओवीतला भाऊ हा सर्वांचा भाऊ असतो. ओवी म्हणजे पुरावा नव्हे. पण मग तिने ती पुसावयास का सांगितले? परकी ओवी कोणी पुसावयास सांगत नाही. पुतण्यास आम्ही विचारले की, पुढे सहा वर्षे ती होती, तेव्हा ह्याविषयी बोलणे झाले काय? तो म्हणाला, तिने पुन्हा विचारले नाही आणि त्याने पुन्हा विषय काढला नाही.

अशा वेळी जुन्या ग्रंथांशी ज्यांचा संबंध आला ते काय करीत, हे पाहणे आम्हांस उपयोगाचे वाटले. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ निवडले, अपपाठ काढले. पण आपण हे केले, अमुक शकात केले, ही नोंद त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले आणि १९६६ साली ती पुरी झाली. डॉ. सुखटणकरांनी घालून दिलेली त्या आवृत्तीची शिस्त अशी की, जो पाठ निश्चित नाही त्याच्या खाली नागमोडी रेघ ओढावयाची, आणि जे पाठ व जे श्लोक गाळले ते तळटीपांत व परिशिष्टांत जसेच्या तसे द्यावयाचे. शंभर पिढ्यांनी प्रक्षेप म्हणून घुसविलेला श्लोकसुद्धा त्या विद्वानांनी फेकून दिला नाही. त्याला पंक्तीतून उठविले, पण घराबाहेर काढले नाही. छापील पत्रव्यवहाराच्या पुस्तकात मजकूर गाळला तर तेथे टिंबे देतात, हाही त्याच शिस्तीचा साधा अवतार. ध्वनिशुद्धीच्या विद्येत मात्र उलट चाल आहे. जो काप ऐकू येतो तो वाईट, जो मुळीच ऐकू येत नाही तो उत्तम. कारागिरीचा कळस आणि साक्षीची हानी एकाच ठिकाणी यावी, अशी ही विद्या आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. सुऱ्याची धार तीव्र आहे म्हणून कोणी सुऱ्यावर रागावत नाही. नभोवाणीच्या बातमीतील खाकरणे किंवा व्याख्यात्याचे ‘म्हणजे, म्हणजे’ गाळताना टिंबे देत बसावे, असेही आम्ही म्हणत नाही. पण गाळल्याने बोलणाऱ्याचे मन बदललेले दिसत असेल तर तेथे टिंबे हवीत, आणि आवाजात टिंबे कशी द्यावी हे कोणी शिकविलेले दिसत नाही.

शेवटी आम्ही तिघांनी मिळून जे केले ते असे. ओवी काढली, कारण तसे तिने सांगितले होते, आणि चाळीस माणसांसमोर ती लावण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणासही नव्हता. “पुसून टाक” हे शब्दही काढले; ते ठेवून ओवी काढणे म्हणजे कोडे घालण्यासारखे झाले असते. परंतु सांधा घातला नाही. आधीची ओवी संपते, जाते हळूहळू थांबते, आणि मग सुमारे वीस सेकंद तिच्या परसातील तीच शांतता राहते: पारवा, दूरची घुंगरे. मग वैरण पडते आणि औक्षाची ओवी सुरू होते. मुद्रणाबरोबर जे टिपण दिले त्यात, येथे एक ओवी तिच्याच सांगण्यावरून गाळली आहे व मूळ मुद्रण जतन केले आहे, असे लिहिले. पुतण्या कारागीर असल्यामुळे त्याला हे ओबडधोबड वाटले. त्याने ती शांतता पाच सेकंदांवर आणण्याविषयी दोनदा सुचविले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणे झाल्यावर माजघरात मुद्रण लावले. बायका हळूहळू बरोबर गुणगुणू लागल्या; जात्याच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार केली नाही, उलट एकीने तो वाढवावयास सांगितले. ती वीस सेकंदे आली तेव्हा बहुतेकांना यंत्र बंद पडले असे वाटून माना वळल्या. आमची धाकटी आत्या, जी आता ऐंशीच्या पुढे आहे, तेवढी वळली नाही. नंतर टिपण तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, “हं.” आणि थोड्या वेळाने, “पंचमीची असेल.”

मूळ मुद्रणाच्या दोन प्रती आहेत, एक पुतण्याजवळ, एक आमच्याजवळ. धाकट्या आत्याने तिसरी मागितली आहे, न कापलेली. ती द्यावी की न द्यावी, ह्याविषयी आमच्या भगिनीचे आणि आमचे अद्याप एकमत झालेले नाही.